मैना धावते छान, पण थांबते का?

पत्र

ताई, मी नॉरफोकमध्ये किंग्ज लिनजवळच्या एका खेड्यात राहतो, इस्पितळात नोकरी करतो. शेजारच्या शेतकऱ्याच्या लॅब्रॅडॉरला वेत झालं तेव्हा त्यातली एक काळी मादी आम्ही घेतली. नाव मैना. आता पाच महिन्यांची आहे. तिच्या वंशावळीच्या कागदावर बरीच नावं लाल शाईत आहेत. शेजारी म्हणतात, ही कामाच्या घराण्यातली आहे, तिला नुसती घरात बसवू नका, फील्ड ट्रायलला, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धेला, उतरवा. माझा नऊ वर्षांचा मुलगा बागेत रोज पन्नास वेळा बॉल फेकतो आणि ती दर वेळी वाऱ्यासारखी जाऊन आणते. मला तर ती तयारच वाटते. नोव्हेंबरमध्ये शेजाऱ्यांकडे शूट, म्हणजे पाखरांची शिकार, आहे. ‘तिला घेऊन या, बंदुकीची सवय होईल,’ असं त्यांनी सांगितलंय. येत्या हंगामात ट्रायलला नाव देता येईल का? माझ्याकडे बंदुकीचा परवाना नाही, तो लागतो का? आणि एक. आई साताऱ्याला असते. ती फोनवर म्हणते, ‘मुकी पाखरं मारायच्या खेळात कशाला पडतोस?’ तिचं म्हणणं मला खोटं वाटत नाही, आणि मैनाला काम करताना पाहिलं की हरखूनही जातो. काय करू?

उत्तर

बाकीचं नंतर, आधी नोव्हेंबरचं. मैनाला शूटवर नेऊ नका.

शेजाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण सल्ला चुकीचा आहे. हाक्याच्या शूटवर सात-आठ बंदुका एका रांगेत उभ्या असतात. हाकारे पलीकडून रान झोडपत येतात, फेझंट नावाची शिकारीची पाखरं थव्याने उठतात आणि मिनिटभरात डोक्यावर वीस-तीस बार निघतात. अशा जागी सात महिन्यांचं पिल्लू दोनपैकी एक गोष्ट शिकतं. एक म्हणजे आवाजाला बुजायचं. एकदा बंदुकीला बुजलेलं कुत्रं परत सरळ करणं अतिशय अवघड असतं, आणि कित्येकांचं कामच तिथे संपतं. दुसरं म्हणजे आभाळातून पाखरं पडताहेत, दुसरी कुत्री धावताहेत, आणि आपल्याला मात्र दोरीला बांधून ठेवलंय, हे पाहून ती कण्हायला, केकाटायला लागते. ही सवय तर बुजण्याइतकीच महाग पडते. ट्रायलमध्ये तोंडातून आवाज काढला की कुत्रं बाद.

बंदुकीची ओळख सावकाश करून द्यायची असते. मैना खेळण्यात किंवा खाण्यात रमलेली असताना कोणीतरी शंभर-दीडशे पावलांवरून शर्यतीच्या पिस्तुलाचा एकच बार काढावा. तुम्ही तिच्याकडे पाहा. कान टवकारून ती परत खेळायला लागली, तर त्या दिवसापुरतं पुरे. शेपूट पोटाखाली गेली, तर पुढच्या वेळी अंतर वाढवा. काही आठवड्यांत ते हळूहळू कमी करत आणा. ही घाईची गोष्ट नाही, आठ-नऊ महिन्यांनंतर सुरू केलीत तरी चालेल.

शूटला तुम्ही स्वतः मात्र जरूर जा, एकटे. हाकाऱ्यांची गरज सगळ्यांना असते आणि त्यासाठी परवाना लागत नाही, हातात काठी असली की झालं. पाखरं कुठे दडतात, वाऱ्याचा रोख बदलला की कशी वेगळीकडे उडतात, जखमी पाखरू पडल्यावर कुठल्या बाजूला पळतं, हे तिथे एका दिवसात डोळ्यांना दिसतं. पुढे मैनाला जे शिकवायचं आहे ते आधी तुम्हाला कळलेलं असलं पाहिजे.

आता बॉलकडे येते, कारण तुमच्या पत्रातल्या इतर कशाहीपेक्षा मला त्याची काळजी जास्त वाटली. पन्नास वेळा फेकलेला बॉल पन्नास वेळा आणला, म्हणजे मैना पन्नास वेळा हे शिकली की काही हवेतून गेलं रे गेलं की धावायचं, कोणाला विचारायचं नाही. ट्रायलमध्ये नेमकं उलट हवं असतं. पाखरू तिच्या नाकासमोर पडलं तरी तिने बसून राहायचं, आणि ते पाखरू बहुतेक वेळा दुसऱ्याच कुत्र्याच्या वाट्याला जायचं. धावणं आणि आणणं तिच्या रक्तात आहे, लाल शाईतल्या नावांनी ते तिला दिलेलंच आहे. (लाल शाई बहुधा फील्ड ट्रायल चॅम्पियन पूर्वजांची असते, तेव्हा शेजारी खरं सांगताहेत.) तुम्हाला शिकवायचं आहे ते थांबणं. पहिल्या वर्षाचं जवळजवळ सगळं काम तेवढंच आहे.

म्हणून आजपासून बॉल बंद. मुलाला वाईट वाटेल, तर त्याला दुसरं काम द्या. मैनाला बसवून त्याने डमी, म्हणजे पाखराऐवजी वापरायची कापडाची वस्तू, फेकायची, आणि मग त्यानेच चालत जाऊन ती उचलून आणायची. मैना फक्त बघेल. दहापैकी आठ डम्या माणसाने आणायच्या, दोन मैनाने, त्याही डमी पडून थोडा वेळ गेल्यावर आणि तिचं नाव घेऊन सोडल्यावरच. नऊ वर्षांच्या मुलाला हा खेळ आवडतो, कारण इथे कुत्र्यावर हुकूम त्याचा चालतो.

पण हेसुद्धा लगेच नको. पाच महिन्यांची आहे म्हणजे तिचे दुधाचे दात पडून पक्के दात येताहेत. हिरड्या दुखत असताना तोंडात कापडाची डमी धरणं त्रासाचं होतं, आणि वस्तू धरली की दुखतं अशी गाठ तिच्या मनात बसू शकते. दात पुरते येईपर्यंत उचलून आणण्याचं काम थांबवा. तोवर तीनच गोष्टी करा: हाक मारली की येणं, सांगितलं की बसणं, आणि दोरी सैल ठेवून पायाशी चालणं. दिवसातून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. दमवणारी दौड आणि कुंपणावरून उड्या वर्षाची होईपर्यंत टाळा, सांधे अजून कोवळे आहेत.

घरातली एक गोष्ट मात्र आज रात्रीच सगळ्यांना सांगून ठेवा. मैना कोणाची चप्पल किंवा मोजा तोंडात घेऊन आली, तर ओरडायचं नाही, तिच्यामागे धावायचं नाही, ओढायचं तर मुळीच नाही. खाली बसा, तिला जवळ येऊ द्या, छातीवरून हात फिरवा, थोडा वेळ ती वस्तू तिच्या तोंडात राहू द्या आणि मग हनुवटीखाली हात धरून अलगद घ्या. चपला कपाटात ठेवणं ही तुमची जबाबदारी. आणलेल्या वस्तूबद्दल मार किंवा ओरडा खाल्लेलं कुत्रं पुढे पाखरू आणताना चार हातांवर घुटमळतं, गोल फिरतं किंवा टाकून देतं. आणि मोज्याची रस्सीखेच खेळलेलं कुत्रं दात आवळायला शिकतं.

दात आवळणं किती वाईट, तेही सांगते. आणलेलं पाखरू पंच हातात घेतात आणि बोटांनी त्याच्या बरगड्या चाचपतात. दोन्ही बाजूंच्या बरगड्या चेपलेल्या लागल्या तर ते कुत्रं कडक तोंडाचं ठरतं आणि बाद होतं. बाद करण्याआधी हँडलरलाही, म्हणजे कुत्र्याला आज्ञा देणाऱ्या माणसालाही, ते पाखरू चाचपून बघू देतात. रिट्रीव्हरचं, म्हणजे पाखरं उचलून आणणाऱ्या लॅब्रॅडॉरसारख्या कुत्र्याचं, तोंड मऊ हवं, यावर या खेळात कोणीही तडजोड करत नाही.

शिट्टी एकच घ्या आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. लॅब्रॅडॉरसाठी इथे बहुतेक जण अ‍ॅक्मे कंपनीची 211½ क्रमांकाची वापरतात. एका क्रमांकाच्या सगळ्या शिट्ट्यांचा सूर एकच असतो, त्यामुळे हरवली तरी दुसरी आणता येते. एक लांब फुंकर म्हणजे बस आणि माझ्याकडे बघ. बारीक तुटक फुंकरा म्हणजे परत ये. तोंडी आज्ञा मराठीत दिल्यात तरी काही बिघडत नाही, पंच शब्दांना गुण देत नाहीत. फक्त एका कामाला घरात एकच शब्द ठेवा. तुम्ही ‘बस’, मुलगा ‘सिट’ आणि फोनवरून आजी ‘खाली बस गं’ असं नको.

आठव्या महिन्याच्या आसपास जवळच्या गनडॉग (शिकारी कुत्र्यांच्या) क्लबच्या वर्गाला जायला लागा. नॉरफोक त्या बाबतीत भाग्यवान आहे. सँड्रिंगहॅमची राजघराण्याची लॅब्रॅडॉरं तुमच्या हाकेच्या अंतरावर वाढत आली आहेत, आणि तिथल्या सँड्रिंगहॅम सिडनी या कुत्र्याने फील्ड ट्रायल चॅम्पियन ही पदवी मिळवली होती. घरच्या बागेत सगळं ऐकणारं कुत्रं दहा अनोळखी कुत्र्यांच्या रांगेत बसवलं की काय करतं, हे वर्गातच कळतं. रांगेत बसून दुसऱ्याचं काम शांतपणे पाहणं हा तिथला सर्वांत मोलाचा धडा आहे, भले मैनाला त्या दिवशी एकही डमी मिळाली नाही तरी. अंतरावर शिट्टीला थांबणं, हाताच्या खुणेवर डावी-उजवीकडे आणि मागे जाणं, पडताना न दिसलेली डमी शोधणं, हे सगळं त्या वर्गांमधून टप्प्याटप्प्याने येतं. मग थंड झालेलं पाखरू, आधी एखाद्या जुन्या पायमोज्यात घालून, नंतर तसंच. त्यासाठी रक्ताने माखलेलं किंवा फाटलेलं पाखरू कधीही वापरू नका.

आता खुद्द ट्रायल म्हणजे काय. इंग्लंडमधली पहिली फील्ड ट्रायल 18 एप्रिल 1865 रोजी बेडफर्डशरमधल्या साउथिल इथे झाली, तीही पाखराची जागा खुणेने दाखवणाऱ्या पॉइंटर आणि सेटर कुत्र्यांची. कुत्र्यांची नोंदणी ठेवणारा केनेल क्लब त्यानंतर, 1873 मध्ये स्थापन झाला आणि लॅब्रॅडॉरला वेगळी जात म्हणून त्याने 1903 मध्ये मान्यता दिली. आज रिट्रीव्हर, स्पॅनियल, पॉइंटर-सेटर, आणि शोधून खूण करून आणणारी वायमारानर-विजलासारखी कुत्री, अशा चार गटांच्या ट्रायल वेगवेगळ्या होतात, कारण प्रत्येकाचं काम वेगळं. पण मूळ कल्पना तीच राहिली आहे. खऱ्या रानात, ट्रायलपुरत्या हातात धरून सोडलेल्या नव्हे तर आपणहून उठलेल्या पाखरांवर, नेहमीच्या शूटच्या दिवशी हे कुत्रं जवळ असावंसं वाटेल का, हे पाहायचं.

तुमच्या भागात ट्रायल बहुतेक बीटच्या शेतात होते. बंदुका, पंच, हँडलर आणि कुत्री एका लांब रांगेत बीटमधून चालत जातात. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नाही, दोरी नाही. हँडलरकडे बंदूकही नसते, त्यामुळे परवान्याची काळजी सोडा. पाखरू उठतं, बार होतो, ते पडतं आणि सगळी रांग थांबते. पंच एक क्रमांक पुकारतात आणि फक्त त्याच हँडलरने आपलं कुत्रं सोडायचं. पाखरू सापडलं नाही तर दुसऱ्या कुत्र्याला पाठवतात, आणि त्याने शोधून आणलं तर पहिलं बाद. कधी एकाही कुत्र्याला सापडत नाही, पंच स्वतः चालत जातात आणि पाखरू उचलतात. मग ज्या कुत्र्यांना पाठवलं होतं त्यांचा दिवस सहसा तिथेच संपतो. न सांगता धावलं, सशामागे लागलं, पाण्यात शिरायला नकार दिला, एक पाखरू टाकून दुसरं उचललं, हँडलरच्या ताब्यातून सुटलं, तरी बाद. दुपारपर्यंत निम्मी कुत्री गाडीत परतलेली असतात, आणि त्यातली कित्येक नाकाची उत्तम असतात. त्यांना थांबता आलं नाही, एवढंच. यात निर्दयपणा आहे असं मला कधी वाटलं नाही, कारण बंदुका चालत असताना बेताल धावणारं कुत्रं स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात घालतं.

येत्या हंगामात नाव देऊ नका. तितराचा हंगाम 1 सप्टेंबरला आणि फेझंटचा 1 ऑक्टोबरला सुरू होतो, दोन्ही 1 फेब्रुवारीला संपतात, आणि रिट्रीव्हरच्या ट्रायल याच काळात होतात. त्या वेळी मैना अजून वर्षाचीही नसेल. बहुतेक शहाणे लोक दोन वर्षांच्या आसपास पहिल्या नॉव्हिस (नवख्यांच्या) ट्रायलला उतरतात. त्याआधी उन्हाळ्यात वर्किंग टेस्ट असतात. तिथे मेलेली-जिवंत कसलीच पाखरं नसतात, सगळं काम डम्यांवर, आणि अठरा महिन्यांखालच्या कुत्र्यांसाठी वेगळा वर्ग असतो. पुढच्या उन्हाळ्यात तिथे मैनाला जरूर न्या. मात्र चषकांवरून कुत्र्याची परीक्षा करू नका. डमी पळत नाही आणि तिला पाखराचा वास नसतो, त्यामुळे वर्किंग टेस्ट गाजवणारं कुत्रं पहिल्या पळत्या फेझंटमागे सगळं शिक्षण विसरू शकतं. दोन्हींच्या मधला पूल म्हणजे पिकिंग-अप. शूटच्या दिवशी बंदुकांच्या मागे उभं राहून पडलेली आणि जखमी पाखरं गोळा करणारी जी मंडळी असतात, त्यांच्यातल्या एखाद्या जुन्या माणसाबरोबर मैना दीड वर्षाची झाल्यावर एक हंगाम काढा. निवांत, एका वेळी दोन-चार पाखरं, तीही हाका संपल्यावर.

एक अडचण आधीच माहीत असू द्या. ट्रायलला नाव दिलं म्हणजे जागा मिळाली असं नाही. एका दिवसाच्या ट्रायलमध्ये साधारण 12 कुत्री, दोन दिवसांच्या ओपन, म्हणजे वरच्या दर्जाच्या ट्रायलमध्ये 24, आणि अर्ज त्याहून कितीतरी जास्त. चिठ्ठ्या काढतात, त्यात त्या-त्या संस्थेच्या सदस्यांना प्राधान्य. म्हणून लोक एकापेक्षा जास्त संस्थांचे सदस्य होतात. शिवाय मैना माजावर असेल तर तिला आणता येत नाही, जागा मिळालेली असली तरी. तिच्या तारखा लिहून ठेवायची सवय आत्ताच लावा.

शेजाऱ्यांना एक प्रश्न विचारायचा राहिला असेल तर विचारा: मैनाच्या आईवडलांच्या तपासण्या झाल्या होत्या का? खुब्याचे गुण 0 ते 106 मध्ये देतात, जितके कमी तितके चांगले. डोळ्यांची तपासणी असते, आणि अति श्रमाने कुत्रं कोसळतं तो आजार आणि स्नायूंचा एक आजार, दोन्हींच्या जनुकीय चाचण्या आहेत. कामाच्या लॅब्रॅडॉरसाठी या दोन चाचण्यांचे निकाल हाताशी असलेच पाहिजेत.

आता आईंचं. त्यांचं म्हणणं तुम्ही झटकून टाकलं नाहीत, हे मला फार आवडलं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली, त्यामुळे त्यांना हे जग परकं वाटणं साहजिक आहे. त्यांना अर्धवट चित्र देऊ नका. इथली बहुतेक फेझंट जंगली नसतात, पिंजऱ्यांत वाढवून रानात सोडलेली असतात, आणि ती मारण्यासाठीच सोडलेली असतात. यावर ब्रिटनमध्येही वाद आहे. कुत्रं मारत नाही, हे खरं. छर्रा लागून पंख मोडलेलं पाखरू कुंपणाखाली जाऊन दोन-दोन दिवस तडफडत मरतं. चांगला रिट्रीव्हर ते काही मिनिटांत शोधून आणतो आणि त्याचे हाल संपतात. म्हणूनच पळत्या जखमी पाखराचा माग काढून ते आणणं हे या कुत्र्याचं सर्वांत मोठं काम मानतात. पण म्हणून मुळात बार काढणं योग्य ठरतं असं नाही, ते उत्तर तुम्हालाच शोधावं लागेल.

शोधायची जागा मात्र मी सांगू शकते. पिकिंग-अप करताना मैना कधीतरी जिवंत पाखरू तुमच्या हातात देईल. तेव्हा त्याची मान तुम्हालाच, तिथल्या तिथे, झटकन मोडावी लागेल. तुमच्याऐवजी ते कोणी करणार नाही, आणि उशीर करणं हाच क्रूरपणा आहे. मैना पाखरू उचलायच्या वयाची होण्याआधी एखाद्या अनुभवी माणसाबरोबर एक दिवस हे बघा, शिका, आणि आपल्या हातून होतंय का ते ताडा. झालं नाही तर त्यात कमीपणा नाही. वर्किंग टेस्टचा खेळ पुरेसा मोठा आणि पुरेसा अवघड आहे. केवळ डम्यांवर कुत्र्याचं सगळं आयुष्य आनंदात घालवणारे लोक इथे आहेत, आणि त्यांची कुत्री उपाशी मनाने जगत नाहीत. झालं, तर आईंना तेही सांगा, काय करता ते नेमक्या शब्दांत. त्या कदाचित पटवून घेणार नाहीत, पण तुम्ही लपवलं नाही हे त्यांना कळेल.

या आठवड्यात दोन कामं करा. नॉरफोकमध्ये ट्रायल भरवणाऱ्या एखाद्या संस्थेच्या सचिवांना लिहा: मी नवा आहे, माझं कुत्रं लहान आहे, येत्या हंगामात कुत्र्याशिवाय येऊन पाखरं वाहायला किंवा क्रमांकाचा फलक धरायला तयार आहे. मदतीच्या माणसांची नेहमी चणचण असते, त्यामुळे बहुधा होकार येईल. त्या दिवशी तुम्ही पंचांच्या पाठीमागून चालाल आणि जे पाहाल ते कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत. बीटच्या ओल्या पानांतून दिवसभर चालायचं असतं, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घाला, आणि जेवणाचा डबा बरोबर न्या. दुसरं काम कागदाचं आहे. मैनाची केनेल क्लबमधली नोंदणी शेजाऱ्यांच्या नावावरून तुमच्या नावावर करून घ्या, त्याशिवाय पुढे कुठल्याच ट्रायलचा अर्ज भरता येणार नाही. प्रमाणपत्र आलं की मालकाच्या नावाचं स्पेलिंग तपासा, आपली आडनावं तिथे फार वेळा चुकीची छापली जातात.